मेणातलं पान

आमच्या कारखान्यात गोल मूठ होत नसे.

कारखाना आपला म्हणायचा. घराच्याच पुढच्या दोन खोल्या, एक लांब बाक, बाकाला आवळलेला पकडीचा वाईस, आणि भिंतीवर कानशी नि पटाश्या थोरल्या-धाकट्या भावंडांसारख्या ओळीनं टांगलेल्या. मागच्या खोलीत हे, माझे यजमान, बसत. रिव्हॉल्व्हरची चक्रं फिरवून, कान लावून, ती बरोबर अडकतात की नाही ते बघणं हे यांचं काम. पुढच्या खोलीत मामंजी, म्हणजे माझे सासरे, आणि मी. पोलाद त्यांच्याकडे, लाकूड माझ्याकडे.

रिव्हॉल्व्हरला मूठ बसवून घ्यायला कोणी आलं की मामंजी आधी त्याला बसवत, पाणी देत. मग कोमट पाण्यात मऊ झालेला मेणाचा गोळा त्याच्या हातात ठेवत.

"डोळे मिटा आणि धरा. लहान मूल आपलं बोट धरतं ना, तसं. दाबायचं नाही, सोडायचंही नाही."

माणसाच्या हाताकडे ते बघतच नसत. हात बघायचा तो मेणात. गोळा गार पाण्यात सोडून घट्ट झाला की त्याच्या बुडाशी अंगठा फिरवायचा. करंगळीच्या खाली मेण शिल्लक असलं म्हणजे हात लांब. त्याला चौकोनी मूठ, पोलादाच्या सांगाड्याचा खालचा कोपरा जसाच्या तसा ठेवलेली. सबंध तळवा टेकतो, हात हलत नाही. आणि करंगळी कडेवरून घसरून गोळ्याच्या पोटाखाली गेलेली असली तर हात आखूड. त्याला गोल मूठ हवी. म्हणजे तो कोपरा कापून तिथं कमानीसारखी वळणदार कड करायची, की तळव्यात रुतत नाही, कपड्यात अडकत नाही.

तर करंगळी अशी खाली गेलेली सापडली की मामंजी गोळा परत गरम पाण्यात टाकत आणि हात जोडून म्हणत, "तुमचं काम आमच्याकडे व्हायचं नाही. पुलापलीकडच्या कारागिराकडे जा. फार चांगला माणूस आहे."

गिऱ्हाईक गेलं की मागच्या खोलीतून यांचा आवाज येई. "चांगला असणारच. आपणच तर पोसतोय त्याला."

मामंजींना ते ऐकू येई. ते कानस उचलत आणि ऐकू न आल्यासारखं करत.

माझं लहानपणापासून एक व्रत आहे. सकाळी जाग आल्यापासून, ऊन खिडकीतून उतरून वाईसच्या दांड्याला लागेपर्यंत मी बोलत नाही. माहेरी ऊन तुळईला लागेपर्यंत असायचं, सासरी वाईस आला, एवढाच फरक. तोंड बंद, मनात नाव चालू. हात कामात असले की नाव आपोआप पुढं सरकतं. कानशीच्या एका फेरीला एकदा, पटाशीच्या एका ढलपीला एकदा. देवाला यातलं काय पोचतं ते त्याला ठाऊक. मला मात्र दिवस कसा, धुतलेल्या भांड्यासारखा हातात येतो. आभाळ भरून आलं की ऊन उशिरा लागतं आणि व्रत लांबतं. तेव्हा हे खिडकीतून वर ढगांकडे बघतात. "राहा बाबांनो, राहा. आज घरात शांतता आहे."

मी मान हलवते. तेवढं व्रतात चालतं.

मामंजींच्या डोळ्यांवर पडदा आला त्या वर्षी त्यांनी शेवटचं रिव्हॉल्व्हर पुरं केलं. त्यानंतर त्यांना सगळं धुक्यातल्यासारखं दिसू लागलं. पण त्याचं त्यांना फार काही वाटत नव्हतं. धुकं त्यांना आवडे. सकाळी चहाच्या वेळी ते रात्रीचं स्वप्न सांगत, आणि सांगता सांगता स्वप्न कुठं संपलं आणि चहा कुठं सुरू झाला ते आम्हाला कळत नसे. "नदी उभी राहिली होती आज. माणसासारखी. म्हणाली, बसायला काही आहे का? मी म्हटलं, बाक आहे. मग बसली." असं म्हणून ते बाकावरून हात फिरवत. बाक ओला आहे की काय असं वाटून मीही बघत असे.

ते शेवटचं रिव्हॉल्व्हर त्यांनी आपल्या लेकीसाठी केलं. म्हणजे माझ्या नणंदेसाठी. ती माझ्याहून लहान, तरी मी तिला वन्संच म्हणते. तिला ते ऐकून हसू येतं, म्हणून तर जास्तच म्हणते.

वन्संना धरणावर राखणदाराची जागा मिळत होती. धरणाच्या भिंतीवरून पहाटे या टोकापासून त्या टोकाला चालत जायचं, दारं बघायची, परत यायचं. त्यांची आई, माझ्या सासूबाई, हेच काम करत. लहानपणी वन्सं आईच्या पदराला धरून त्या भिंतीवर चालल्या होत्या. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोल दरी, मधे आई. त्यांना दुसरं काही व्हायचंच नव्हतं. आता फक्त नेमबाजीची परीक्षा उरली होती, येत्या सोमवारी. हत्यार ज्याचं त्यानं आणायचं. नेम चुकला की जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला.

मामंजींनी रिव्हॉल्व्हर मऊ फडक्यात गुंडाळून लेकीच्या हातात दिलं, तेव्हा त्यांचा चेहरा मी बघितला होता. चौकोनी मूठ. लेकीचा हात त्यांनी मेणात घेतलाच नव्हता, आपल्या लेकीचा हात आपल्याला ठाऊक आहे म्हणाले होते. अक्रोडाचं लाकूड माझ्या हातचं, जवसाच्या तेलात मुरवलेलं. आणि खाली, पोलादाच्या त्या कोपऱ्यावर, त्यांची खूण. एक छोटं पान, देठासकट, उठावाचं. नखाएवढंच. मामंजींच्या हातून गेलेल्या प्रत्येक वस्तूवर ते पान तिथंच असे.

"बघ, चिमणे," ते म्हणाले, "हे जगात कुठंही गेलं तरी मी हात लावून सांगेन, माझं आहे."

वन्सं रोज दुपारी टेकडीपाशी सरावाला जाऊ लागल्या. आणि रोज संध्याकाळी उजव्या हाताची मूठ वळूनच जेवायला बसू लागल्या.

पहिल्या दिवशी वाटलं, दमल्या असतील. मग एकदा डाव्या हातानं जेवताना बघितलं. मामंजींना दिसत नव्हतं. यांचं लक्ष ताटात. भांडी घासायला दोघी बाहेर गेलो तेव्हा मी म्हटलं, "वन्सं, मूठ उघडा."

"का? भविष्य बघतेस?"

"भविष्य पुढं बघू. आत्ताचं बघू दे."

त्यांनी मूठ उघडली. मनगटाच्या जरा वर, तळव्याच्या गादीवर, एक पान उमटलं होतं. लाल, सुजून वर आलेलं. देठासकट. मामंजींचं पान, फक्त उलटं.

"चावतं गं ते," वन्सं म्हणाल्या. "बार उडाला की मूठ मागं उसळते आणि कोपरा नेमका इथं बसतो. एकदा चावलं की हात पुढच्या बाराला आधीच आकसतो. मग कुठला नेम! टेकडीला मात्र बरोब्बर लागतो. टेकडी एकदाही चुकली नाही."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. "तुमचा हात आखूड आहे. तुम्हाला गोल मूठ हवी."

"हळू बोल."

"मामंजींना सांगायला हवं."

"काय सांगू? बाबा, गोल करा? त्यापेक्षा नोकरी नको म्हणून सांगणं सोपं आहे, वहिनी."

"मग पुलापलीकडे..."

"नेऊ शकते. एका दिवसात करून देईल तो. पण घरी आणलं की बाबा हातात घेतील. अंगठा फिरवतील. पान सापडणार नाही. आणि मग ते रागावणारसुद्धा नाहीत. नुसते गप्प बसतील." वन्संनी मूठ पुन्हा वळली. "तू रोज गप्प असतेस ते वेगळं. त्यांचं गप्प बसणं मला सोसत नाही."

गोल मूठ का होत नाही ते घरात सगळ्यांना माहीत होतं, बोलत कोणी नसे. मला ते यांनी एकदाच सांगितलं होतं. सासूबाईंचाही हात आखूड. त्यांच्यासाठी मामंजींनी एका रिव्हॉल्व्हरचा कोपरा कापून गोल केला होता. कोपऱ्याबरोबर पानही गेलं. त्या वेळी कुणाला काय त्याचं! सासूबाई ते घेऊन कित्येक वर्षं भिंतीवर चालल्या. मग त्यांना ताप आला आणि त्या तापातून उठल्याच नाहीत. धरणाची माणसं आली, ठरल्याप्रमाणे हत्यार कोठारात जमा करून घेऊन गेली. मामंजी भानावर येऊन ते परत मागायला गेले, तेव्हा कोठारातल्या फळ्यांवर तसलीच काळी रिव्हॉल्व्हरं मांडलेली. कोठारवाला भला माणूस होता. म्हणाला, "तुमचं ओळखा आणि न्या." मामंजी एकेक हातात घेत गेले. अंगठा फिरवत गेले. कशावरच काही नव्हतं. संध्याकाळी रिकाम्या हातांनी घरी आले आणि म्हणाले, "गोल आपल्याकडे होत नाही." ते आजपर्यंत.

पोलादाचं एक वाईट आहे. लाकूड चुकलं तर दुसरा तुकडा घेता येतो. पोलादाचा कोपरा एकदा गेला की परत येत नाही.

सासूबाईंची एकच वस्तू मामंजींकडे उरली होती, ती म्हणजे त्यांचा मेणाचा गोळा. त्या गोल मुठीसाठी घेतलेला. लाकडी डब्यात असे तो. उबेनं मेण ढिलं पडतं म्हणून मी तो रात्री पाण्याच्या घंगाळात सोडून ठेवत असे. पहाटे मामंजी येत, गोळा पाण्यातून काढत, फडक्यानं टिपत आणि थोडा वेळ हातात धरून बसत. बोटांच्या खाचांत बोटं घालून. काहीतरी बोलत. मी माझ्या नामात असे, ते त्यांच्या.

शनिवारी दुपारी मामंजी जरा आडवे झाले होते. मी वन्संना बाकापाशी बसवलं आणि मेण हातात दिलं. मला वाटलं होतं, पोलादाला हात न लावता लाकडानंच काही करता येतंय का बघावं. कोपऱ्यावर लाकडाची पातळ झूल चढवावी, पान झाकलं जाईल, चावणार नाही. मनात मला कळत होतं की त्यानं मूठ आणखी जाड होईल आणि हात आणखी तोकडा पडेल. तरी हात रिकामे ठेवायचे कसे.

"डोळे मिटा. धरा."

"लहान मूल बोट धरतं तसं," वन्सं पुटपुटल्या. त्यांनी डोळे मिटले आणि त्यांचा चेहरा खरंच लहान झाला.

करंगळी घसरून खाली गेली. मी गोळा घंगाळात सोडला. संध्याकाळी घट्ट झाला की काढून लपवीन म्हटलं. पण संध्याकाळी पाहुणे आले, मग कामं निघाली, आणि रात्री नेहमीच्या सवयीनं सासूबाईंचा गोळाही मी त्याच घंगाळात सोडून झोपायला गेले.

रविवारी पहाटे धुकं होतं. खिडकीबाहेर रस्ता नव्हता, समोरचं घर नव्हतं, काहीच नव्हतं. नुसतं पांढरं. मला एकदम त्या दुसऱ्या गोळ्याची आठवण झाली आणि मी घाईघाईनं पुढच्या खोलीत आले.

मामंजी माझ्या आधी आले होते. घंगाळापाशी बसलेले. हात पाण्यात.

"लवकर उठलो आज, सूनबाई," ते म्हणाले. माझी पावलं त्यांना कळतात. "ती आली होती. भिंतीवर उभी, असंच धुकं. मूठ वळून माझ्यापुढं केली आणि म्हणाली, ओळखा बरं, आत काय आहे? मी म्हटलं, फूल. म्हणाली, नाही. मी म्हटलं, खडा. नाही. तेवढ्यात जाग आली."

त्यांनी गोळा पाण्यातून काढला. फडक्यानं टिपला. लख्ख नवा, पिवळा गोळा. सासूबाईंचा गोळा जुना होऊन तपकिरी पडला होता. तेवढं मला दिसत होतं. त्यांना दिसत नव्हतं.

ऊन यायला अजून फार अवकाश होता. मी तोंड उघडलं. देवानं रागावून काही केलं नसतं, याची मला खात्री आहे. पण शब्द आलेच नाहीत. काय म्हणायचं होतं मी? हा हात तुमच्या बायकोचा नाही, असं? ते त्यांच्या बोटांनी त्या खाचांत बोटं घालत होते, एकेक, हळूच, आणि सगळी जिथल्या तिथं बसत होती.

"गार आहे गं हात तुझा आज," ते मेणाला म्हणाले. "धुक्यात उभी राहिलीस ना. शाल घ्यायची. कितीदा सांगितलं." मग हसले. "सांग ना आता. काय होतं मुठीत?"

त्यांचा अंगठा मेणाच्या अंगावरून उतरत उतरत खाली आला. बुडाशी. आणि तिथं थांबला. मागं गेला. परत आला.

धुकं खिडकीला टेकलं होतं.

"सूनबाई," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "हिच्या तळहातावर माझं पान कसं आलं?"

सुजून वर आलेली ती कातडी मेणात खोल रुतली होती. मेणात पान होतं, देठासकट. मी मान हलवली, पण मान हलवलेली त्यांना कुठं दिसणार. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

वन्सं दारात उभ्या होत्या. केस मोकळे, खांद्यावर टॉवेल. कधी आल्या होत्या देव जाणे. त्या आत आल्या, बाबांसमोर जमिनीवर बसल्या, आणि त्यांचा मोकळा हात घेऊन त्यात आपला तळवा उघडा ठेवला.

"बाबा, ती आई नाही. मी आहे."

मामंजींनी तळव्यावरून अंगठा फिरवला. मग मेणावरून. मग घंगाळात हात घालून चाचपलं, दुसरा गोळा सापडला, तो काढला. दोन्ही गोळे दोन हातांत घेऊन बसले. तोलत असल्यासारखे.

"एकच हात आहे," ते म्हणाले. "एकाच हाताचे दोन."

"हो, बाबा."

"केव्हापासून चावतंय?"

"पहिल्या दिवसापासून."

"दुखतं?"

"थोडं."

"खोटं. तुझी आईपण 'थोडं'च म्हणायची." त्यांनी दोन्ही गोळे मांडीवर ठेवले. "मी तुला माझी खूण दिली. आणि ती तुला चावत बसली, आणि मी स्वप्नं सांगत बसलो."

"मला चालेल, बाबा. हात घट्ट होईल हळूहळू. कोपरा राहू दे."

"उद्या परीक्षा आहे ना?"

वन्संनी मूठ वळली.

"कोपरा कापला तर पान जाईल," मामंजी म्हणाले. लेकीला नाही, स्वतःलाच. "पान गेलं की मग फळीवरच्या दहा वस्तूंतून... उद्या काही झालं, तर मी काय हातात घेऊन म्हणू, ही माझी?"

"बाबा," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कापरा होता तरी त्यात हसू आलंच, "मी रिव्हॉल्व्हर नाही. मी संध्याकाळी घरी येणार आहे. चालत. तोंड उघडलं की दुरूनच ओळखाल."

मागच्या खोलीचं दार उघडून हे आले. "काय झालं? चहा सांडला का कोणाचा?" मग सगळ्यांकडे बघून गप्प झाले. हे गप्प झाले म्हणजे प्रसंग खरोखरच मोठा.

मामंजींनी डोळे पुसले. उठले, भिंत चाचपत बाकापाशी आले. "घेऊन ये," ते लेकीला म्हणाले. "आणि सूनबाई, वाईस मोकळा कर."

त्यांनी रिव्हॉल्व्हर उघडून त्यातल्या चक्रात काही नाही ना ते स्वतः बोट घालून पाहिलं, यांच्याकडूनही बघून घेतलं. लाकडाच्या दोन्ही फळ्या काढल्या. उघडा सांगाडा वाईसमध्ये आवळला. मग सासूबाईंचा जुना गोळा घेतला, त्याचं बूड पोलादाला लावलं आणि त्याच्या वळणावरून सुईनं एक बारीक रेघ ओढली. कोपऱ्याच्या आतून जाणारी. दिसत नव्हतं, पण मेणाच्या आधारानं रेघ नीट आली.

"आतल्या स्प्रिंगच्या कमानीला धक्का लागायला नको. रेघेच्या बाहेरच राहायचं," ते म्हणाले, आणि करवत माझ्याकडे धरली.

मी दोन पावलं मागं सरले. मी पोलादाला कधी करवतीचा दात लावला नव्हता.

"लाकूड कापतेस तसंच. हे थोडं हट्टी आहे एवढंच. माझ्या हातानं रेघ वाकडी होईल. आणि याच्या हातात दिली," त्यांनी यांच्याकडे तोंड केलं, "तर हा बडबड करत कापेल. गप्प राहून कापणारं माणूस पाहिजे आज."

"ही बरी शिक्षा," हे म्हणाले, आणि तेलाची बाटली घेऊन माझ्या शेजारी उभे राहिले.

मी नाव घेतलं आणि करवत टेकवली. पुढं नेताना नाव, मागं आणताना नाव. पोलाद लाकडासारखं बोलत नाही. ते कुरकुरतं, मग शिट्टी घालतं, मग तापतं आणि त्याचा वास येतो, पाऊस पडून गेल्यावर लोखंडी फाटकाला येतो तसा. हे थेंब थेंब तेल सोडत होते. वन्संनी बाबांचा हात धरला होता की बाबांनी वन्संचा, ते मला सांगता येणार नाही. बाहेर धुकं इतकं होतं की जगात आम्ही चौघं आणि ती रेघच होती असं वाटत होतं. कापतेय की झोपेत आहे, तेही मधे मधे कळेना.

मग टिक असा आवाज झाला आणि कोपरा बाकावर पडला.

मामंजींनी तो शोधून उचलला. अजून गरम होता. बोटांत फिरवला. पान सापडलं. त्यांनी मूठ मिटली, आणि रोज लेकीत दिसायचं ते दृश्य मला पहिल्यांदा बापात दिसलं: वळलेली मूठ, आणि आत काय आहे ते कोणाला सांगायचं नाही असा चेहरा.

मी कानस घेतली. कापलेली कड मोडत गेले, आधी जाड कानशीनं, मग बारीक. कोपऱ्याची धार गेली, कड गोल झाली, मग गोटीसारखी गुळगुळीत. मामंजी मधे मधे अंगठा फिरवत आणि "अजून" म्हणत. शेवटी "अजून" म्हणाले नाहीत. तेव्हा मी मान वर केली आणि धुकं विरलं होतं. रस्ता परत आला होता, समोरचं घर परत आलं होतं. आणि वाईसच्या दांड्यावर उन्हाची बोटभर पट्टी पडली होती.

"ऊन लागलं," हे म्हणाले. "संपली शांतता."

"मामंजी," मी म्हटलं. दिवसाचा पहिला शब्द. "पान आत बसवू या."

"आत?"

"लाकडाच्या आतल्या अंगाला. फळी पोलादावर बसते ना, तिथं पोकळी असते. पटाशीनं घर कोरते, त्यात हा तुकडा पक्का बसेल. वरून काही दिसणार नाही, चावणारही नाही. फळी काढली की सापडेल. कुठंही असलं तरी."

मामंजींनी मूठ उघडायला वेळ घेतला. मग तुकडा माझ्या हातावर ठेवला. "इतकी वर्षं," ते म्हणाले, "मी पान बाहेरच शोधत राहिलो."

दिवसभर मी लाकडात होते. जुन्या फळ्या आता बसत नव्हत्या, नव्या कराव्या लागल्या. वन्संच्या मेणावरून बोटांची वळणं घेतली. आतून पानाच्या तुकड्याला नीट घर केलं. संध्याकाळी तेल लावून मूठ त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. कोणी सांगितलं नव्हतं.

"काही टोचतंय?" मामंजींनी विचारलं.

"नाही. हातात काही आहे असंच वाटत नाही."

सोमवारी पहाटे वन्सं गेल्या. मामंजी रोजच्यासारखे घंगाळापाशी येऊन बसले. आता दोन्ही गोळे तिथं असतात. त्यांनी एक काढला, टिपला, बोटं घातली. मग दुसरा काढला. पानाची खूण असलेला कुठला ते अंगठ्यानं क्षणात कळलं असतं. पण त्यांनी अंगठा खाली नेला नाही.

"यातला कुठला कुणाचा?" त्यांनी विचारलं. लगेच म्हणाले, "राहू दे. तुझं व्रत आहे. आणि नसतं तरी सांगू नकोस."

मी फळीचा भुसा झाडत राहिले. त्या दिवशी माझं नाव सारखं चुकत होतं, सारखं पहिल्यापासून धरावं लागत होतं. मागच्या खोलीतून यांच्या चक्राचा आवाज येत नव्हता. हेही कान देऊन बसले होते, रस्त्याकडे.

ऊन दांड्याला लागून खाली बाकावर उतरलं, बाकावरून जमिनीवर आलं, तेव्हा पायरीवर पावलं वाजली. वन्सं आत आल्या, दमलेल्या, केसांना धूळ, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता येईना. त्या सरळ बाबांसमोर येऊन बसल्या आणि उजव्या हाताची मूठ वळून त्यांच्यापुढं धरली.

"ओळखा बरं, बाबा. आत काय आहे?"

मामंजींनी दोन्ही हातांनी ती मूठ धरली आणि एकेक बोट उलगडलं. तळवा उघडा झाला. त्यांचा अंगठा मनगटापासून वर सरकला, गादीवरून, हळू. सकाळपासून इतके बार होऊनही कातडी मऊ होती. लाली उतरत आली होती. कुठं काही रुतलेलं नव्हतं.

"काही नाही," ते म्हणाले.

"काही नाही," वन्सं म्हणाल्या. "आणि टेकडीला एकही लागली नाही. सगळ्या निशाणाच्या पाटीच्या मधोमध. उद्या पहाटेपासून भिंतीवर."

यांनी मागून जोरात टाळी वाजवली. मामंजींनी तो रिकामा तळवा आपल्या गालाला लावला आणि डोळे मिटले. पुन्हा स्वप्नात गेले की काय असं मला वाटलं. पण थोड्या वेळानं, डोळे न उघडताच, ते म्हणाले, "सूनबाई, आता बोलतेस ना?"

"हो, मामंजी."

"मग मेण तापवायला ठेव. आणि आता कोणाची करंगळी घसरली तर त्याला पुलापलीकडे धाडायचं नाही. बसवायचं. पाणी द्यायचं."